चर्च नव्हे, देऊळ

प्रश्न असा आलाय: ‘भाची सॉल्ट लेक सिटीत असते. मॉर्मन लोकांच्या टेंपलला मराठीत काय म्हणावं? आणि तो टेंपल की ते टेंपल?’

मॉर्मन हा अमेरिकेत उगवलेला ख्रिस्ती पंथ, आणि सॉल्ट लेक सिटी हे त्याचं मुख्य ठाणं. आधी एक तक्रार. तिथल्या टेंपलचा, म्हणजे सहा मनोऱ्यांच्या करड्या इमारतीचा, फोटो टाकून खाली ‘भव्य मॉर्मन चर्च’ लिहिणं बंद करा. रविवारची उपासना होते ती वस्तीतल्या साध्या सभागृहात. तिथे कोणीही जाऊन बसावं. टेंपल रविवारी चक्क बंद! एरवीही आत जायचं तर स्थानिक प्रमुखांनी मुलाखत घेऊन दिलेला परवाना लागतो. ही इमारत बांधायला १८५३ ते १८९३ अशी चाळीस वर्षं लागली, ती काही दर आठवड्याच्या भजनासाठी नव्हे. वर्तमानपत्रांचं लाडकं ‘प्रार्थनास्थळ’ म्हणूनच इथे कुचकामी.

‘मंदिर’ चालेल. मराठी बायबलात जेरुसलेमचं मंदिरच आहे. पण मंदिर म्हणजे मुळात नुसतं घर. अमरकोशात ते भवन-सदनांच्या रांगेत बसलंय. विद्यामंदिर, नाट्यमंदिर, काय वाट्टेल ते मंदिर.

माझं मत देवळाला. देवकुल, देवउल, देऊळ. जसं राजकुलाचं राऊळ. भिंतीतली देवळी म्हणजे देवकुलिका, याच घरातली धाकटी. आणि हे देवकुल एके काळी पूर्वजांचंही घर होतं. मथुरेजवळ माट गावी कुषाण राजांचे पुतळे सापडले (बिनमुंडक्याचा कनिष्क तिथलाच), त्या वास्तूला शिलालेखात ‘देवकुल’ म्हटलंय. भासाच्या ‘प्रतिमा’ नाटकात भरताला दशरथ गेल्याचं कळतं ते दिवंगत राजांच्या पुतळ्यांमध्ये उभं असताना, आणि तिथल्या रखवालदाराचं नाव काय? देवकुलिक!

आता मॉर्मन टेंपलमध्ये डोकवा. बारा बैलांच्या मूर्तींवर पेललेला मोठा हौद. त्यात जिवंत माणूस बुडी घेतो ती मेलेल्याच्या नावाने, बाप्तिस्म्यासाठी. पणजोबा-खापरपणजोबांची नावं शोधायला या पंथाने वंशावळींची प्रचंड दप्तरं जमवली ती याचसाठी. नवरा-बायको, आईबाप-मुलं यांचं नातं मृत्यूपलीकडे टिकावं म्हणून जो विधी होतो त्याला ते ‘सीलिंग’ म्हणतात, म्हणजे आपलं शिक्कामोर्तब. देव, कुळ आणि पूर्वज एका छपराखाली. याहून चपखल देवकुल कुठलं?

‘इथे कुल म्हणजे घर, घराणं नव्हे’ असं बजावणारे पंडित येतीलच. त्यांनी ‘चांगल्या घरची मुलगी’ म्हणजे कुठल्या विटांची, ते आधी सांगावं.

आणि हो, लिंगाचं राहिलंच. ते देऊळ, ते मंदिर, ते चर्च. म्हणून ते टेंपल. भाचीला ‘तो’ ऐकू येत असेल तर घरात हिंदी फार झालंय.