आई-बाबांना चालायला आणि आम्हाला कयाकिंगला, असं एडिसनजवळचं शांत तळं कोणतं?

तुम्ही विचारलंय की आई-बाबा सांगलीहून तीन महिन्यांसाठी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला आलेत, मॉल आणि मंदिरं पाहून झाली, आता गर्दी-गोंगाट नसलेलं एखादं तळं हवंय. तुम्हा दोघांना कयाकिंग, म्हणजे छोट्या अरुंद बोटीतून वल्हवणं, करता यावं, त्यांना सपाट वाटेवर चालता यावं. शिवाय तुम्हाला पोहता येत नाही, तर कयाकमध्ये बसावं का, हीही शंका आहे.

मी डोळे मिटून मॅनस्क्वान रेझर्व्हॉयर सांगेन. मॉनमथ काउंटीत, हॉवेलला आहे. एडिसनहून गाडीने पाऊण ते एक तास. मी फ्रीहोल्डला राहते आणि गेली नऊ वर्षं वसंतापासून पानगळीपर्यंत महिन्यातून दोनदा तरी तिथे जाते. माझे आई-बाबाही नाशिकहून येतात तेव्हा त्यांची पहिली मागणी हीच असते, त्यामुळे तुमचा प्रश्न मला अगदी घरातला वाटला.

ही जागा शांत का, ते आधी सांगते. हे पिण्याच्या पाण्याचं तळं आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या मोटरबोटींना बंदी आहे, फक्त बॅटरीवरची मोटर किंवा वल्हं. पोहायलाही मनाई आहे, त्यामुळे पोहणाऱ्यांची झुंबड इथे नसते. उरतात ते मासे धरायला गळ टाकून बसलेले लोक, कयाकवाले आणि चालणारे. हे तिघेही कमी बोलतात.

माझे बाबा पाटबंधारे खात्यात होते, बरीच वर्षं गंगापूर धरणाच्या कालव्यावर. पहिल्यांदा इथे आले तेव्हा काठावर उभं राहून त्यांनी विचारलं, ‘नदी कुठाय?’ मला तोवर कधी हा प्रश्न पडलाच नव्हता. मग कळलं की मॅनस्क्वान नदी इथून सुमारे पाच मैलांवर आहे आणि तिचं पाणी पंपाने उचलून, पाइपातून इथे आणून साठवतात. १९९० साली हे तळं सुरू झालं. पाण्याखाली ७७० एकर, साठवण सुमारे ४ अब्ज ७० कोटी गॅलन. बाबांनी लगेच हिशेब केला: पाऊण टीएमसीसुद्धा नाही. गंगापूर साडेपाच टीएमसीच्या वरचं. पण एवढ्याशा पाण्याभोवती लोकांसाठी इतकी नीट वाट बांधलीय, याचं त्यांना फार कौतुक वाटलं. अजूनही फोनवर ‘यंदा पातळी किती आहे’ म्हणून विचारतात. तुमच्या घरात असं पाण्याचं वेड असलेलं कोणी असेल तर त्यांना हे नक्की सांगा.

चालायची वाट तळ्याला पूर्ण वळसा घालते, पाच मैलांची आहे. बारीक खडी दाबून केलेली, रुंद, फारसा चढ-उतार नाही. सायकली असतात, कधी घोडेस्वारही येतात, म्हणून उजवीकडून चालायचं. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर, आणि वळसा अर्धा झाल्यावर ‘आता परत फिरू’ म्हणायची सोय राहत नाही, कारण दोन्हीकडून अंतर सारखंच. माझ्या आईचे गुडघे दुखतात. आम्ही पहिल्या वर्षी उत्साहात पूर्ण वळसा घेतला आणि शेवटचा मैल तिने माझ्या खांद्यावर भार देऊन काढला. तेव्हापासून ती वीस मिनिटं एका दिशेला जाते, बाकावर बसते आणि तशीच परत येते. तुमच्या आई-बाबांना तसंच करू द्या. याहून छोटी वाट हवी असेल तर एन्व्हायर्नमेंटल सेंटरजवळ कोव्ह ट्रेल आहे, जेमतेम मैलभराची, झाडीतून जाणारी. सेंटरमध्ये तिथल्या प्राण्या-पक्ष्यांची माहिती मांडली आहे, पाऊस आला तर तिथे वेळ चांगला जातो.

आणि पक्षी! तळं भरलं तेव्हा काही भागातली झाडं तशीच पाण्यात ठेवली होती. आता ती वाळून करडी पडलीत, पाण्यातून नुसते सोट वर आलेले दिसतात. त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून वाळवत बसतात, अगदी आपल्याकडच्या धरणांवर बसतात तसे. काठाच्या उथळ पाण्यात ग्रेट ब्लू हेरॉन असतो. आपला राखी बगळा आठवा आणि तो आणखी मोठा करा. बाल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याचे गरुड, इथे घरटं करतात. ईगल म्हणून लोक बहुतेक वेळा गिधाडंच दाखवतात, तेव्हा एक खूण लक्षात ठेवा. इथलं टर्की व्हल्चर पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरतं आणि उडताना डुलतं. ईगलचे पंख फळीसारखे सरळ आडवे. पांढरं डोकं शोधत बसू नका, ते पाचेक वर्षांचा झाल्यावर येतं, तोवर पिल्लू तपकिरीच असतं.

मी एकदा कयाकमधून पाहिलेलं सांगते. ऑस्प्रे, म्हणजे मासे पकडणारा शिकारी पक्षी, उंचावर जागच्या जागी पंख मारत थांबला होता. मग पाय पुढे काढून तो सरळ पाण्यात पडला आणि हातभर मासा घेऊन वर आला. त्याने पंख झटकले ते थेंब मला दिसले, इतका जवळ. तेवढ्यात वाळक्या सोटावरून ईगल निघाला आणि त्याच्या मागे लागला. दोन-तीन घिरट्या झाल्या, ऑस्प्रेने मासा सोडला, आणि ईगलने तो पाण्यावरूनच उचलला. सगळं मिळून अर्धा मिनिट असेल. मी वल्हं मांडीवर ठेवून कितीतरी वेळ तशीच बसले होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अख्ख्या न्यू जर्सीत बाल्ड ईगलची एकच जोडी घरटं करत होती. डीडीटी या कीटकनाशकामुळे त्यांच्या अंड्यांची टरफलं पातळ होऊन फुटायची. आज दोनशेहून जास्त जोड्या आहेत, आणि २०२५ च्या जानेवारीत राज्याने ईगल आणि ऑस्प्रे दोघांनाही धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीतून काढलं. आई-बाबांना हे आधी सांगून ठेवा, मग ते नुसता पक्षी बघणार नाहीत.

आता तुमच्या पोहण्याच्या शंकेबद्दल. पोहता येत नसेल तरी इथे कयाकिंग करता येतं, मी सुरू केलं तेव्हा मलाही येत नव्हतं. पण लाइफ जॅकेट घालायचंच, आणि नीट बसणारं. सगळे पट्टे आवळून झाल्यावर कोणाला तरी खांद्यापाशी धरून ते वर ओढायला सांगा. कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, बदलून घ्या. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना बोटीत ते घालून ठेवणं इथे कायद्यानेच बंधनकारक आहे. पहिल्या वेळी दोघांनी मिळून दोन आसनांची कयाक घ्या, ती जास्त स्थिर असते. काठापासून दूर जाऊ नका. आणि उलटलीच, तर कयाक सोडून काठाकडे जायची धडपड करायची नाही. तिला धरून राहायचं, ती तरंगते.

एप्रिलमध्ये मात्र नको. बाहेर ऊन मस्त पडलेलं असतं, लोक टी-शर्टवर फिरतात, पण पाणी हिवाळ्यातलंच असतं. त्या पाण्यात अचानक पडलं की श्वासच अडकतो, पोहणाऱ्याचासुद्धा. मेअखेरपर्यंत थांबा. मला विचाराल तर जूनचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. ऑक्टोबरमध्ये सकाळी पाण्यावर धुकं असतं आणि काठचे मेपल लाल झालेले असतात. पण भाड्याच्या कयाक मोसमातच मिळतात आणि शेवटी शेवटी दिवस-वेळा कमी होतात, म्हणून निघायच्या आधी मॉनमथ काउंटी पार्क सिस्टमच्या साइटवर दर आणि वेळा बघा. पार्कमध्ये यायला, गाडी लावायला पैसे पडत नाहीत.

खरं सांभाळायचं ते वारं. दुसऱ्याच वर्षी मी जूनमधल्या एका दुपारी एकटी निघाले. कयाक इतकी भराभर चालली होती की मला वाटलं, आता हात बसला. पलीकडच्या काठाला पोचून वळले आणि समजलं की हात नव्हे, वारं ढकलत होतं. परतताना प्रत्येक वल्ह्याला पुढे जायचं तेवढंच मागे. लाटा आडव्या येऊन मांडीवर पाणी आपटत होतं. जायला वीस मिनिटं लागली होती, यायला दीड तास. दंड इतके भरून आले की गाडीचं दार उघडायला त्रास झाला. तेव्हापासून पाण्यात उतरण्याआधी मी झाडांचे शेंडे बघते आणि आधी वाऱ्याच्या तोंडावर जाते. थकल्यावर परतताना तेच वारं घरी आणतं. सकाळी नवाच्या आत पाण्यात असाल तर बहुतेक वेळा पाणी आरशासारखं असतं, अकरानंतर हलायला लागतं. आणि वल्हं दंडाच्या जोराने मारू नका, कंबरेतून वळा. वाळक्या झाडांच्या भागात सावकाश जा, पाण्याखाली खुंट आहेत. पक्ष्यांसाठी कुठे पाणी बंद करून खूण लावलेली असेल तर तिच्या आत जायचं नाही.

फार वारं असेल तर त्या दिवशी हट्ट करू नका, डेलावेअर-रॅरिटन कालव्यावर जा. १८३४ चा जुना कालवा, दोन्ही बाजूंना झाडी, वारं लागत नाही, आणि काठाने चालायला मैलोन्‌मैल सपाट वाट. राउंड व्हॅली नावाचं तळं तुम्हाला बरेच जण सुचवतील. सुंदर आहे, पण खूप खोल आहे आणि वारं मोकळं सुटतं. नवशिक्यांनी तिथे सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गोचिडीकडे मात्र दुर्लक्ष करू नका. इथली डिअर टिक खसखशीच्या दाण्याएवढी असू शकते आणि तिच्यामुळे लाइम रोग होतो. वाटेच्या मधून चाला, गवतात चटई टाकू नका, आणि घरी गेल्यावर आई-बाबांना गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला नीट बघायला सांगा. आपल्याकडच्या लोकांना याची सवय नसते, ‘मुंगी असेल’ म्हणून सोडून देतात. तीन-तीन पानांची, चकचकीत वेल दिसली तर हात लावू नका, ती पॉयझन आयव्ही, तिने अंगाला खाज सुटून पुरळ उठतं.

एक कळकळीची विनंती. पाण्यावरून आवाज फार लांब जातो. काठावर कोणी स्पीकरवर गाणी लावली की तळ्याच्या मध्यावर शब्द न् शब्द ऐकू येतो, आणि बगळे उठून जातात. भारतातला व्हिडिओ कॉलही स्पीकरवर नको, कानाला लावून बोला. बदकांना पोळीचे तुकडे घालायची आई-बाबांना सवय असेल तर प्रेमाने समजावा, त्याने पक्षी आणि पाणी दोन्ही बिघडतात. डबा मात्र जरूर न्या. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासमध्ये चहा नेतो आणि कचरा बरोबर परत आणतो.

जीपीएसमध्ये नुसतं तळ्याचं नाव टाकू नका. दोन प्रवेश आहेत आणि ते एकमेकांपासून लांब आहेत. कयाक, मोठं पार्किंग आणि व्हिजिटर सेंटर विंडेलर रोडला आहे. एन्व्हायर्नमेंटल सेंटर जॉर्जिया टॅव्हर्न रोडला. पहिल्यांदा विंडेलर रोडलाच जा. स्वच्छतागृह तिथेच आहे, आणि पाण्याकडे तोंड करून बसायला जागाही आहे. तुम्ही लांब गेलात तरी तुमची कयाक आई-बाबांना तिथून बराच वेळ दिसत राहते. माझी आई सांगते की तेवढ्यावर तिचा जीव थाऱ्यावर राहतो.