अंदमानला गेल्यावर बाराटांग बेटावरचा मड व्होल्कॅनो (जमिनीतून चिखल उसळतो ती जागा) बघण्यात दिवस घालवावा का? आणि बॅरन आयलंडचा खरा ज्वालामुखी टुरिस्टला बघायला मिळतो का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पटकन देते. बॅरनवर उतरू देत नाहीत. वनखात्याची परवानगी असलेली बोट मिळाली तर समुद्रातूनच लांबून बघायचं, बास. पहिल्याचं उत्तर, हो, जा. या प्रश्नावर दोघा-तिघांनी लिहिलंय की बाराटांगला नुसता चिखल आहे, दिवस फुकट गेला. हे वाक्य मी आमच्या घरी दर गणपतीला ऐकते, त्यामुळे आता सविस्तर लिहितेच.

आम्ही टूर कंपनीबरोबर गेलो होतो. मी, आमचे हे, मुलं, मोठे भाऊजी आणि जाऊबाई. मी कॉलेजला जिऑलॉजी घेतलेलं, आणि लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत भाऊजींनी सगळ्यांसमोर विचारलं होतं की दगड फोडायला एवढं शिकावं लागतं का. तेव्हा नवी नवरी म्हणून गप्प बसले. हे सांगतेय कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

तर बाराटांगच्या दिवशी मध्यरात्रीच उठवतात, कारण जिरकाटांगच्या चेकपोस्टवर सकाळी सहाचा गाड्यांचा पहिला काफिला गाठायचा असतो. तिथून पुढे रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, गाडी थांबवायची नाही, ओव्हरटेक नाही, फोटो नाही. मग मिडल स्ट्रेटला फेरीबोट, पलीकडे पुन्हा गाडी, आणि शेवटी जंगलातून थोडं चढून वर गेलं की कुंपणाच्या आत राखाडी चिखलाचे छोटे छोटे उंचवटे. मधूनच एक बुडबुडा येतो, फुगतो, फुटतो. पुन्हा शांत.

आमचा टूर मॅनेजर सांगायला लागला, "याच्या खाली लाव्हा उकळतोय, त्याच्या उष्णतेने चिखल वर येतो." मी म्हटलं, अहो नाही, खाली लाव्हा बिव्हा काही नाहीये. तो गोंधळला. भाऊजी लगेच, "अगं, त्याला त्याचं काम करू दे की." आणि मग एक बुडबुडा फुटल्यावर म्हणाले, "यापेक्षा आमच्या हिचं पिठलं जास्त उसळतं." सगळी बस हसली. मॅनेजर सुद्धा. मी माझ्या मुलाला म्हटलं, कुंपणाबाहेर हा ओघळ आलाय ना त्याला बोट लावून बघ. त्याने लावलं आणि ओरडला, "आई, गार आहे!" लाव्हावर उकळणारा चिखल गार कसा काय, हे मी भाऊजींना तिथेच विचारलं. ते म्हणाले, चला, उशीर होतोय.

आता त्यांनी जे ऐकून घेतलं नाही ते तुम्हाला सांगते. भारताची प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा सरकणारा मोठा तुकडा, पूर्वेला जाऊन बर्मा प्लेटच्या खाली घुसते. घुसताना तिच्या पाठीवरचा समुद्रतळाचा गाळ खरवडला जातो, तो लाखो वर्षं एकावर एक दाबला जात, घड्या पडत, उचलला जात वर आला, आणि त्याचा जो भाग पाण्याबाहेर निघाला तेच अंदमान. म्हणजे पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम म्हणायचं), बाराटांग, डिगलीपूर, हे मुळात ज्वालामुखीचं काम नाहीच. समुद्रतळाचे काही जुने खडकही त्यात अडकून वर आलेत, पण मुख्य माल गाळाचा. त्या गाळात पुरलेल्या सेंद्रिय पदार्थांपासून गॅस होतो, बराचसा मिथेन, आणि तो दाबाखालचं पाणी आणि चिखल घेऊन भेगेतून वर येतो. बाराटांगला तुम्ही बघता ते हेच. ज्या गाळाची बेटं झाली तोच गाळ अजून बाहेर पडतोय, तुमच्या पायाशी. यात बघण्यासारखं काही नाही म्हणणाऱ्याला मी काय सांगणार.

तिथेच पुढे बोटीने खाडीतून, खारफुटीच्या बोगद्यातून लाइमस्टोन केव्ह बघायला नेतात. ती सगळ्यांना आवडते, भाऊजींनाही आवडली. तो चुनखडकसुद्धा समुद्रातच तयार झालेला, पण फोटो चांगला येतो ना, मग तक्रार नाही.

खरी आग आहे ती याच्या पूर्वेला, वेगळ्या रांगेत. खाली गेलेली प्लेट साधारण शंभर किलोमीटर खोल पोचली की तिच्यातलं पाणी सुटतं, त्या पाण्यामुळे वरचा खडक कमी तापमानाला वितळायला लागतो आणि तो वितळलेला खडक, म्हणजे मॅग्मा, वर चढतो. ती रांग दक्षिणेला सुमात्रा, उत्तरेला म्यानमारमधला माउंट पोपा, आणि मधे आपल्या हद्दीत बॅरन आणि नारकोंडम. रात्री जेवताना भाऊजी म्हणाले की सॅडल पीक पण मेलेला ज्वालामुखीच, आणि आपल्याकडचे सगळे डोंगर तसलेच तर आहेत. सॅडल पीक हे अंदमानातलं सगळ्यात उंच शिखर, ७३२ मीटर, आणि त्याचा ज्वालामुखीशी संबंध नाही. सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून पसरला, त्याचं कारणही वेगळं आणि पसरणंही वेगळं. उंच दिसला की ज्वालामुखी, असं नसतं.

बॅरन पोर्ट ब्लेअरपासून ईशान्येला १३५-१४० किलोमीटरवर. जेमतेम तीन किलोमीटर रुंदीचं बेट, उंची साडेतीनशे मीटरच्या आसपास, पण ते नुसतं टोक आहे, बाकीचा डोंगर दोन हजार मीटरहून जास्त पाण्याखाली. नोंदलेला पहिला उद्रेक १७८७ चा. एकोणिसाव्या शतकात शांत झाला तो थेट १९९१ मध्ये जागा झाला, मग १९९४-९५, मग २००५, आणि तेव्हापासून अधूनमधून चालूच. २००४ च्या डिसेंबरात तो मोठा भूकंप आणि सुनामी झाली, आणि पुढच्या मे महिन्यात हा पेटला. तो भूकंपही त्याच प्लेटचा. उत्तर अंदमानचा किनारा वर उचलला गेला, प्रवाळ पाण्याबाहेर येऊन मेले, आणि तिकडे खाली निकोबारात इंदिरा पॉइंट चार मीटरहून जास्त खचला. त्या बॅरनवर ब्रिटिशांच्या काळात सोडलेल्या बकऱ्यांचे वंशज होते, आणि राख पडो, लाव्हा येवो, त्या तिथे टिकल्या. मला तर त्या बकऱ्यांचं ज्वालामुखीपेक्षा जास्त कौतुक वाटतं.

२०१७ च्या जानेवारीत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ जवळच समुद्रात गाळाचे नमुने घेत होते, तेव्हा अचानक बॅरन सुरू झाला. त्यांनी सांगितलं की दिवसा फक्त राखेचे ढग दिसत होते, लाल लाव्हाची कारंजी दिसली ती सूर्य मावळल्यावर. म्हणून कुणी "ज्वालामुखी टूर" विकत असेल तर एवढंच विचारा की बोट अंधार पडेपर्यंत थांबणार आहे का. नसेल तर तुम्ही बराच खर्च करून धूर बघून येणार, तोही असला तर. मग भाऊजींनी बाराटांगवर कुठल्या तोंडाने हसावं?

नारकोंडमला तर टुरिस्ट जातच नाहीत, आणि नकोच जायला. ७१० मीटरचा जंगलाने भरलेला ज्वालामुखी, सध्या निद्रिस्त, आणि तिथे नारकोंडम धनेश राहतो. जगात फक्त तिथेच, सात-साडेसात चौरस किलोमीटरच्या बेटावर साधारण हजारेक पक्षी, बास. नराची मान तांबूस, मादीची काळी. आपल्या कोकणातल्या धनेशासारखंच मादी ढोलीत स्वतःला बंद करून घेते आणि नर फटीतून फळं भरवतो. तिथे रडार बसवायचा प्रस्ताव होता, २०१२ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने नाकारला, २०१४ मध्ये मंजूर केला. यावर मी बोलायला लागले तर उत्तर संपणार नाही.

आणि हो, बाराटांगचा चिखल नेहमी झोपलेला नसतो. २००३ मध्ये मोठा उसळला होता, २००४ च्या भूकंपानंतर परत, आणि २०२५ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला मोठा आवाज होऊन इतका चिखल बाहेर आला की पर्यटकांना थांबवलं. ती बातमी मी फॅमिली ग्रुपवर टाकली. भाऊजींनी अंगठा दाखवला. जाऊबाईंनी मात्र वेगळा मेसेज केला की तुझं बरोबर होतं हो, पिठल्याचं मला तेव्हाही आवडलं नव्हतं.

आता राहिलेल्या गोष्टी. त्या उसळीमुळे जाण्याआधी रस्ता खुला आहे का हे चौकशी करून मगच बुकिंग करा, नियम बदलत असतात. पावसात वाट निसरडी होते, गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी विचार करा. लहान मुलं मध्यरात्री उठून चिडचिड करतात, आमचीही केली. उंच कारंजं वगैरे बघायचं डोक्यात असेल तर मात्र निराश व्हाल, ते मी कबूल करते. आणि काफिल्यात बसून जारवा "दिसले का, दिसले का" करत खिडकीला नाक लावणार असाल तर सरळ हॅवलॉकच्या बीचवर पडून राहा. सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच तो रस्ता बंद करायला सांगितला होता आणि आपण सगळे अजून त्यावरून जातो, मीही गेले, त्यामुळे निदान खाली बघून बसा.

टूर मॅनेजर चिखलाखाली लाव्हा आहे म्हणाला तर मला मेसेज करा. मी बोलते त्याच्याशी.