ट्रस्टी म्हणून सही केलीत, आता मुंबई सोडताय

प्रश्न : मी मूळची दादरची. लग्नानंतर अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, आता ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं) आहे. नवऱ्याच्या बदलीमुळे 2023 पासून आम्ही पवईत राहतो. मुलाची आंतरराष्ट्रीय शाळा चालवणाऱ्या ट्रस्टने ‘पालकांच्या वतीने’ मला विश्वस्त केलं. (ग्रंथालयासाठी दीड लाखांची देणगीही मी दिली.) गेल्या बैठकीत फीवाढ आणि तरणतलावासाठी चार कोटींचं कर्ज असे दोन ठराव झाले. मी गप्प बसले आणि इतिवृत्तात ‘एकमताने मंजूर’ असं आलं. पालक माझ्यावर चिडलेत. जूनमध्ये आम्ही सिंगापूरला चाललोय. अध्यक्षांना व्हॉट्सॲपवर राजीनामा कळवला, त्यांनी अंगठ्याचं चिन्ह पाठवलं. मी सुटले का? आणि परदेशी नागरिक विश्वस्त होऊ शकते का?

उत्तर : ताई, मराठीत अंगठा दाखवणं म्हणजे काय, हे दादरच्या मुलीला मी सांगायला नको. नाही, एवढ्याने तुम्ही सुटला नाहीत.

नागरिकत्वाचं आधी उरकतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 मध्ये विश्वस्त भारतीय नागरिकच हवा अशी अट नाही. ट्रस्ट डीडमध्ये, म्हणजे ट्रस्टच्या मूळ दस्तात, तशी अट असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून डीडची प्रत मागवा. राजीनामा कोणाला आणि कसा द्यायचा, हेही बहुधा त्यातच असतं.

आता वरळी. तिथल्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात प्रत्येक ट्रस्टचं एक परिशिष्ट असतं, त्यावर विश्वस्तांची नावं असतात. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत कलम 22 खाली बदल अहवाल द्यावा लागतो. तुम्ही संमतीपत्र आणि प्रतिज्ञापत्रावर सही केली असेल, तर ती याच कामासाठी. परिशिष्टाचा उतारा काढून तुमचं नाव चढलंय का ते बघा. चढलं असेल तर ते उतरवायलाही बदल अहवालच लागतो, आणि तो दाखल करण्याची घाई तुम्ही गेल्यावर शाळेत कोणालाही नसेल. त्यामुळे राजीनामा साध्या कागदावर, तारीख घालून, स्पीड पोस्टाने पाठवा. एक प्रत वरळीला देऊन आवक शिक्का घ्या. माझ्या एका अशिलाचं नाव तो देश सोडून गेल्यावरही सहा वर्षं परिशिष्टावर होतं. नोटिसा त्याच्या जुन्या फ्लॅटवर जायच्या आणि नवा भाडेकरू त्या इमानेइतबारे रद्दीत घालायचा.

पालकांचा राग फीवाढीवर आहे, मला मात्र कर्जाची काळजी जास्त वाटते. कलम 36अ प्रमाणे ट्रस्टसाठी कर्ज काढायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, गहाण असो वा नसो. परवानगी नसताना पैसे उचलले, त्यातून ट्रस्टचं नुकसान झालं आणि विश्वस्तांचा ढोबळ निष्काळजीपणा ठरला, तर ते वैयक्तिक वसूल होऊ शकतं. राजीनाम्याने मागचे ठराव पुसले जात नाहीत. म्हणून राजीनाम्याच्या आधी, आजच, सचिवांना दोन ओळींचं पत्र द्या : ‘कर्जाच्या ठरावाला माझी संमती नाही. पूर्वपरवानगी घेतली आहे का, ते कळवावे. इतिवृत्ताची प्रत मिळावी.’ बैठकीत गप्प बसलात ते बसलात, निदान कागदावर बोला.

फीचं थोडक्यात. परदेशी बोर्डाची असली तरी शाळा 2011 च्या शुल्क विनियमन कायद्यातून सुटत नाही. व्यवस्थापनाचा ठराव हा फक्त प्रस्ताव असतो. तो पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे जातो आणि मंजूर झालेली फी दोन शैक्षणिक वर्षं बांधील राहते. चिडलेल्या पालकांना हे जरूर सांगा. तुम्ही स्वतः त्या समितीवरही असाल तर तिथून आधी उठा. फी मागणारी आणि देणारी अशा दोन्ही खुर्च्यांवर एकाच बाईने बसू नये.

आणि तुमच्या पत्रातलं सगळ्यात स्फोटक वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. दीड लाख! ओसीआय कार्ड असलं तरी 2010 च्या परकीय अंशदान (म्हणजे परदेशी देणगी) कायद्यात तुम्ही परदेशी स्रोत आहात. पैसे रुपयात, पवईच्या बँकेतून दिले तरी ते परकीय अंशदानच. दुबईतल्या भारतीय पासपोर्टवाल्या भावाने स्वतःच्या बचतीतून दिले असते तर ते तसं धरलं नसतं. मुलाची फी यात मोडत नाही, देणगी मोडते. ती घ्यायला ट्रस्टकडे याच कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी आणि पैसे दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. पावती काढा, धनादेश कुठल्या खात्यात वटला ते बँकेत बघा. शाळेच्या नेहमीच्या खात्यात वटला असेल, तर ट्रस्टच्या सीएंशी फोनवर बोलू नका, लेखी विचारा. उत्तर आलं की पावती आणि परिशिष्टाचा उतारा घेऊन, विमानाची तिकिटं काढण्याआधी, एखाद्या वकिलाला भेटा आणि वकीलपत्रावर सही करूनच निघा.