पशुवैद्यांना विचारा : मांजरीचा योनिदाह

मांजरीला शेपटीखाली होणारी सूज, तेथून जाणारा स्राव आणि तिचे सततचे चाटणे यांविषयी गेल्या दोन महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण बाकीच्या उत्तरांचा पाया त्यात आहे.

प्रश्न : आमची मनी चार वर्षांची आहे. तिचे नसबंदीचे ऑपरेशन केलेले नाही. माजावर आली की ती रात्र रात्र ओरडत असे, म्हणून गेल्या वर्षी माज थांबवण्याचे इंजेक्शन दोनदा दिले होते. महिन्याभरापूर्वी ती पुन्हा माजावर येऊन गेली. गेले आठ दिवस ती सारखी शेपटीखाली चाटते आणि तिच्या गोधडीवर पिवळसर डाग पडतात. खाणे कमी झाले आहे, पाणी मात्र जास्त पिते. शेजारच्या काकू म्हणतात की ही योनीची सूज आहे, बायकांना देतात ते मलम लावा. लावावे का? — एक वाचक, सातारा

उत्तर : मलम लावू नका. अंक निघेपर्यंत थांबणे धोक्याचे होते, म्हणून मनीला ताबडतोब पशुवैद्याकडे न्यावे असा निरोप संपादकांमार्फत आपल्याला पत्र मिळाले त्याच दिवशी पाठवला होता. त्यामागचे कारण येथे सांगतो.

योनिदाह म्हणजे योनिमार्गाच्या आतल्या अस्तराला आलेली सूज. कुत्रीमध्ये हे दुखणे बऱ्यापैकी आढळते; मांजरीमध्ये ते विरळ आहे. म्हणूनच मांजरीच्या शेपटीखाली स्राव दिसला की योनीची सूज हे निदान सर्वांत आधी नव्हे, तर सर्वांत शेवटी करायचे असते. स्राव बाहेर दिसतो त्या जागेचे दुखणे क्वचितच असते. बहुतेक वेळा तो आतून, गर्भाशयातून किंवा मूत्राशयातून आलेला असतो. आपल्या पत्रातील चार गोष्टी एकत्र वाचल्या, म्हणजे ऑपरेशन न झालेली मांजर, महिन्याभरापूर्वी येऊन गेलेला माज, पूर्वी दिलेले इंजेक्शन आणि आता वाढलेली तहान, तर सर्वांत आधी संशय येतो तो गर्भाशयात पू झाल्याचा.

हे दुखणे साधारणपणे माज संपल्यानंतर दोन ते आठ आठवड्यांत दिसू लागते. माजानंतर अंडाशयातून प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक स्रवते. ते गर्भाशयाचे अस्तर जाड करते, त्याचे तोंड मिटवते आणि तेथील प्रतिकारशक्ती मंद ठेवते, कारण ही सारी तयारी गर्भ सांभाळण्यासाठी असते. माजाच्या दिवसांत खालून वर शिरलेले जंतू, बहुधा ई. कोलाय, अशा वेळी तेथे मुक्काम करतात आणि गर्भाशय पुवाने भरत जाते. मांजरीत बीज सुटते ते सहसा बोक्याशी संयोग झाल्यावरच, पण काही मांजरींत ते संयोगाशिवायही सुटते. त्यामुळे "ती घराबाहेर गेलीच नाही" एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. माज थांबवण्याच्या इंजेक्शनातही याच संप्रेरकाची कृत्रिम नक्कल असते आणि तिचा परिणाम कित्येक महिने टिकतो. ही इंजेक्शने स्वस्त आणि सोपी वाटतात म्हणून सर्रास मागितली जातात, परंतु गर्भाशयातील पू, स्तनांची अवाढव्य सूज आणि मधुमेह हे त्यांचे ज्ञात दुष्परिणाम आहेत. माझ्या मते घरात पाळलेल्या मांजरीला ती देऊच नयेत.

तहान वाढते ती जंतूंच्या विषाने मूत्रपिंडाचे काम बिघडते म्हणून. गर्भाशयाचे तोंड थोडे उघडे असेल तर पू बाहेर येतो आणि आपल्याला गोधडीवर डाग दिसतो. तोंड पूर्ण मिटलेले असेल तर बाहेर काहीच दिसत नाही. मांजर मलूल होते, पोट टम्म होते, आणि गर्भाशय फुटण्याचा धोका असल्यामुळे हा प्रकार अधिक वाईट. त्यातच मांजर आपले अंग इतक्या निगुतीने चाटते की थेंब जमिनीवर पडण्याआधीच नाहीसा होतो. फिकट रंगाच्या चादरीवर झोपणाऱ्या मांजरीचे दुखणे लवकर लक्षात आले आणि काळ्या सतरंजीवर झोपणारीचे उशिरा, असे मी अनेकदा पाहिले आहे.

घरी काय पाहावे? कोणीतरी मांजरीला मांडीवर शांत धरावे, शेपटी हळूच वर करावी, आणि कोमट पाण्यात भिजवून पिळलेला पांढरा कापूस गुदद्वाराखालच्या छोट्या चिरेवर हलकेच टेकवून उचलावा. आत काहीही घालू नये. कापसाला काही लागले नाही, चिरेच्या कडा फिकट गुलाबी आहेत आणि भोवतीचे केस कोरडे आहेत, तर ठीक. कडा लाल आणि फुगलेल्या आहेत, कापसाला किंचित चिकट, पांढुरका स्राव लागला आहे, पण मांजर जेवते, खेळते आणि तिला ताप नाही, तर योनिदाहाचा विचार करता येतो. स्राव भरपूर आहे, पिवळा-हिरवा किंवा तपकिरी आहे, त्याला घाण वास आहे किंवा मांजर मलूल आहे, तर दुखणे आत आहे असे धरून त्याच दिवशी निघावे. रक्त दिसले तर "पाळी आली" असे समजू नये. मांजरीला पाळी येत नाही आणि माजातही कुत्रीसारखा रक्तस्राव होत नाही. कापसाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत मांजरीने सारे चाटून साफ केलेले असते.

पशुवैद्य मांजरीचा ताप पाहतात (१००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट ही मर्यादा ठीक), पोट चाचपतात, सोनोग्राफी करून गर्भाशय आणि मूत्राशय पाहतात आणि रक्त तपासतात. लघवी ट्रेमधून उचललेली चालत नाही, कारण तिच्यात योनीतील जंतू मिसळलेले असतात. पोटावरून बारीक सुईने थेट मूत्राशयातून घेतलेला नमुनाच खरे सांगतो. मांजरीचा योनिमार्ग फार अरुंद असल्याने आतून पाहायचे तर गुंगीचे औषध देऊन, कान तपासण्याच्या बारीक नळीसारख्या उपकरणाने पाहावे लागते. योनीतील स्रावाचा काचेवर घेतलेला थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की पूपेशी आहेत की केवळ माजातल्या पेशी आहेत हे कळते. स्राव प्रयोगशाळेत पाठवला आणि अहवालात जंतू सापडले म्हणून दचकू नये. निरोगी मांजरीच्या योनीतही जंतू असतातच. पूपेशी, लक्षणे आणि जंतू यांचा मेळ बसला तरच त्या अहवालाला अर्थ असतो.

गर्भाशयात पू असेल तर शिरेतून सलाईन आणि प्रतिजैविक देऊन मांजरीला स्थिर करतात आणि गर्भाशय व अंडाशये काढून टाकतात. हाच खात्रीचा उपाय आहे. केवळ गोळ्यांवर दिवस काढणे म्हणजे पुवाची पिशवी पोटात ठेवून वाट पाहणे.

आता खरोखरच योनिदाह निघाला तर काय करायचे ते सांगतो. आधी कारण शोधावे लागते. संयोगाच्या वेळी झालेली जखम, आत अडकलेले गवताचे कुसळ, जन्मजात अरुंद मार्ग, लघवी थेंब थेंब ठिबकत राहणे, लांब केसांच्या पर्शियन मांजरीत शेपटीखाली साचलेला केसांचा आणि मळाचा गोळा, क्वचित एखादी गाठ, अशी कारणे असतात. कुसळ काढले, केस बारीक कापून जागा कोरडी ठेवली किंवा मूत्रमार्गाचे दुखणे बरे केले की सूज बहुधा आपोआप उतरते. जंतुसंसर्ग सिद्ध झाला तर अहवालानुसार प्रतिजैविक देतात, बहुधा ॲमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल यांचे मिश्रण, साधारण एक ते दोन आठवडे. तिसऱ्या दिवशी डाग थांबले म्हणून औषध बंद करू नये. बाहेरची जागा दिवसातून दोनदा सलाईनमध्ये भिजवलेल्या कापसाने टिपावी, घासू नये. आणि चाटून चाटून कातडी सोलवटली असेल तर गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर काही दिवस बांधावी. कॉलर घातल्यावर मांजर रुसते आणि मागे मागे चालते. जेवताना आपण समोर बसून कॉलर काढावी आणि जेवण होताच पुन्हा घालावी.

मलमाविषयी एवढी कळकळ का, तेही सांगतो. मांजरीला लावलेले प्रत्येक औषध तिच्या पोटात जाते. माणसांच्या अनेक औषधांचे विष तिच्या यकृताला उतरवता येत नाही. तापासाठी दिलेली पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा तिचा जीव घेऊ शकते. फिनेल, पाण्यात टाकल्यावर दुधासारखे पांढरे होणारे जंतुनाशक आणि टी-ट्री तेल यांचा तिच्या अंगाला स्पर्शही नको. योनीत पिचकारीने काही धुऊ नये. घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्याही देऊ नयेत: एनरोफ्लॉक्सासिनची मात्रा वाढली तर मांजरीची दृष्टी जाऊ शकते, आणि डॉक्सिसायक्लिनची गोळी अन्ननलिकेत अडकली तर तेथे व्रण पडून नळी आक्रसते, म्हणून ती पशुवैद्यांनी दिली असली तरी तिच्यामागून पिचकारीने ५-६ मिलिलिटर पाणी पाजावे.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मांजरीचे ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झाले आहे. तरीही ती शेपटीखाली चाटते, दिवसातून दहा-बारा वेळा ट्रेमध्ये जाऊन बसते आणि थेंबभरच लघवी करते. ऑपरेशन झालेल्या मांजरीला योनिदाह होतो का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : होऊ शकतो, पण आपण केलेले वर्णन मूत्राशयाच्या दाहाचे आहे. लघवी करताना आग होते, म्हणून मांजर ती जागा चाटते आणि पाहणाऱ्याला योनीची शंका येते. तरुण आणि मध्यम वयाच्या मांजरीत या दाहामागे जंतू क्वचितच असतात. घरात नवे मांजर येणे, रंगकाम, घर बदलणे, ट्रे अस्वच्छ असणे अशा ताणातून तो उद्भवतो, किंवा मूत्राशयात खडे-स्फटिक असतात. दहा वर्षांपुढे जंतुसंसर्गाचे प्रमाण वाढते. त्यामुळे लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी केल्याशिवाय प्रतिजैविक सुरू करणे बरोबर नाही. वेदनाशामक औषध, ओले अन्न, घरात दोन-तीन ठिकाणी पाणी आणि रोज साफ केलेला ट्रे, एवढ्याने पुष्कळ मांजरी सुधारतात. लघवीचा एक थेंबही येत नसेल तर मात्र रात्र असली तरी निघावे.

ऑपरेशननंतरही ती माजावर आल्यासारखी ओरडते का, मागचा भाग उचलून लोळते का, याकडेही लक्ष ठेवा. अंडाशयाचा तुकडा आत राहिला असेल तर असे होते, आणि त्याच तुकड्याच्या संप्रेरकामुळे गर्भाशयाच्या उरलेल्या खुंटात पू होऊ शकतो. लक्षणे दिसत असतानाच तपासणी करून घेतली तर तो तुकडा सापडणे सोपे जाते.

प्रश्न : आमच्या माळ्यावर मांजर व्याली, आज सहावा दिवस आहे. तिच्या अंगावरून काळपट तांबडे जाते. पिल्ले चार आहेत आणि दूध पितात. औषध द्यावे का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : व्याल्यानंतर काळपट, तांबूस, कधी हिरवट छटेचा स्राव दोन-तीन आठवडे थोडा थोडा जाणे स्वाभाविक आहे, तो रोज कमी होत गेला पाहिजे आणि त्याला कुजका वास नसावा. आई जेवते आहे, पिल्ले पोट भरून झोपत आहेत, तर औषध नको. तिला भरपूर अन्न द्या आणि अंथरूण बदला. स्रावाला दुर्गंधी आली, आई पिल्लांना सोडून कोपऱ्यात बसू लागली, किंवा पिल्ले सारखी केकाटू लागली, तर वार किंवा एखादे मेलेले पिल्लू आत राहून गर्भाशयाला संसर्ग झाल्याची शक्यता असते. अशा वेळी आईला पिल्लांसकट टोपलीतून दवाखान्यात न्यावे. पिल्लांना उबेसाठी कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेवावी. पिल्ले दूध पीत असल्यामुळे आईला कोणते प्रतिजैविक चालेल हे पशुवैद्यांनाच ठरवू द्या.

प्रश्न : घरात सून गरोदर आहे आणि मांजरीवर योनिदाहाचे उपचार चालू आहेत. हा रोग माणसाला लागतो का? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : साधा योनिदाह माणसाला लागत नाही. मात्र गर्भपात झालेल्या किंवा नुकत्याच व्यालेल्या मांजरीचा स्राव आणि वार यांतून क्यू ताप हा जंतूंमुळे होणारा आजार माणसाला होऊ शकतो, आणि टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजरीच्या विष्ठेतून पसरतो. म्हणून बाळंतपण होईपर्यंत मांजरीची जागा टिपणे, अंथरूण धुणे आणि ट्रे साफ करणे ही कामे सुनेने करू नयेत. ती घरातल्या दुसऱ्या कोणी हातमोजे घालून करावीत. ट्रे रोजच्या रोज साफ करावा, कारण टॉक्सोप्लाझ्माची अंडी विष्ठेतून पडल्यावर रोग पसरवण्याजोगी व्हायला किमान एक दिवस लागतो. मांजरीला घराबाहेर काढण्याची गरज नाही.