थव्याला नेमकं काय मागितलंत?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: ४० × २५ मिमीच्या एफआर४ (नेहमीच्या सर्किट बोर्डाचं काचतंतू-इपॉक्सीचं साहित्य) बोर्डवर ३.५ गिगाहर्ट्झसाठी दोन एलिमेंटचा मायमो अँटेना (एकाच वेळी अनेक अँटेना वापरणारी रचना) केलात. पीएसओ (पक्ष्यांच्या थव्यासारखा मिळून उत्तर शोधणारा अल्गोरिदम) तीन दिवस चालवून एस२१ (एका पोर्टमधून शेजारच्या पोर्टात जाणारी शक्ती) उणे ३५ डीबीपर्यंत आणलात, एस११ही (पोर्टवरून परत फिरणारी शक्ती) छान आला. बोर्ड बनवून लावल्यावर मात्र सिग्नल साध्या मोनोपोलपेक्षाही कमी मिळतोय, आणि गाइड म्हणतात ग्रे वुल्फ (लांडग्यांच्या शिकारीवरून घेतलेला तसाच दुसरा अल्गोरिदम) वापरून बघा.

ग्रे वुल्फने हे सुटणार नाही. लांडगे आणा, मुंग्या आणा, देवमासे आणा. विचारणं तेच असेल तर उत्तरही तेच येईल, फार तर एक दिवस आधी येईल. सगळ्या प्रकारच्या समस्यांची सरासरी काढली तर कुठलाच अल्गोरिदम दुसऱ्यापेक्षा सरस ठरत नाही, हे वोल्पर्ट आणि मॅक्रेडी यांनी १९९७ मध्येच सिद्ध केलंय.

माझा अंदाज आहे की तुमच्या कॉस्ट फंक्शनमध्ये (थवा जो आकडा कमीत कमी करायला बघतो त्यात) फक्त एस११ आणि एस२१ आहेत. तसं असेल तर क्षणभर अँटेना काढून दोन्ही पोर्टना ५० ओहमचे डमी लोड लावलेत असं समजा. एस११ उत्कृष्ट, एस२१ उत्कृष्ट. तुमच्या कॉस्ट फंक्शनच्या हिशेबाने याहून चांगला मायमो अँटेना असूच शकत नाही, आणि त्यातून बाहेर काहीच पडत नाही! हवेत गेलेली शक्ती आणि एफआर४मध्ये उष्णता होऊन विरलेली शक्ती, एस पॅरामीटरला दोन्ही सारख्याच दिसतात. परत आली नाही, एवढंच त्याला कळतं.

आता बोर्डकडे बघा. ३.५ गिगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी सुमारे ४३ मिमी. तुमच्या दोन एलिमेंटमधलं अंतर जेमतेम २० मिमी असेल, आणि खाली ग्राउंड एकच. त्या ग्राउंडमधून करंट शेजारी जाणारच. तो अडवायचा सोपा मार्ग थव्याला लवकर सापडतो: फीडजवळ (जिथून अँटेनाला सिग्नल देतो तिथे) ग्राउंडमध्ये एक अरुंद, खोल फट. करंट तिच्याभोवती फिरत राहतो आणि एफआर४, ज्याचा लॉस टँजंट (शक्ती उष्णतेत घालवण्याचं माप) ०.०२च्या आसपास असतो, तिथे तापतो.

माझ्या पहिल्या बोर्डवर अगदी हेच झालं होतं. उणे ३८ डीबी बघून आठवडाभर आनंदात होतो. मग सरफेस करंटचा प्लॉट उघडला, तर सगळा लाल रंग ०.१५ मिमीच्या एका फटीच्या कडांवर गोळा झालेला. टोटल एफिशियन्सी (दिलेल्या शक्तीपैकी हवेत जाणारा वाटा) काढली, ३५ टक्के. म्हणजे साडेचार डीबी सरळ गेले.

म्हणून टोटल एफिशियन्सी कॉस्ट फंक्शनमध्ये घ्या आणि ७० टक्क्यांखाली गेली की जबर दंड लावा. एस११ उणे १०च्या खाली आणि एस२१ उणे २०च्या खाली गेला की त्यापुढे काहीही बक्षीस देऊ नका. उणे २० म्हणजे शेजारी फक्त १ टक्का शक्ती जाते. तिथून उणे ३५ला जाऊन हाती काही लागत नाही, पण त्यासाठी थवा एफिशियन्सी विकून टाकतो. हा दंड एका फ्रिक्वेन्सीवर मोजू नका, ३.३० ते ३.६७ गिगाहर्ट्झ हा आपल्याकडचा ५जीचा पूर्ण पट्टा घ्या आणि त्यातला सर्वांत वाईट बिंदू धरा. फटीची किमान रुंदीही ०.३ मिमीला बांधून टाका, नाहीतर फेरिक क्लोराइडमध्ये एचिंग करताना ती तुमच्या ड्रॉइंगप्रमाणे उतरणार नाही.

मागणी बदलली की आकार कसा बदलतो, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण नासाच्या एसटी५ या छोट्या उपग्रहांच्या मोहिमेचं आहे. एम्स केंद्रातल्या लोकांनी उत्क्रांतीच्या पद्धतीने अँटेना काढला, वाकवलेल्या पेपरक्लिपसारखा दिसणारा. नंतर मोहिमेची कक्षा बदलली, तेव्हा त्यांनी नव्या गरजा फिटनेसमध्ये (म्हणजे त्यांच्या कॉस्ट फंक्शनमध्ये) घालून पुन्हा उत्क्रांती चालवली आणि वेगळा आकार मिळाला. तो २००६ मध्ये अवकाशात गेला.

पीएसओच्या सेटिंगमध्ये फार वेळ घालवू नका. इनर्शिया (कणाचा आधीचा वेग किती टिकतो) ०.७२९ आणि दोन्ही सी (स्वतःच्या आणि थव्याच्या सर्वोत्तम जागेकडची ओढ) १.४९४, हे पुरतं. वेळ खातो तो सिम्युलेटर: २० कण, ५० फेऱ्या, एका सिम्युलेशनला ४ मिनिटं, झाले ६७ तास. आधी जाड मेशवर (सिम्युलेटर आकार ज्या जाळीत तोडतो ती) थवा सोडा आणि शेवटच्या चार-पाच उमेदवारांनाच बारीक मेश द्या.

ईसीसी (दोन अँटेनांचे पॅटर्न एकमेकांशी किती मिळतात याचं माप) एस पॅरामीटरच्या सूत्राने काढत असाल तर थांबा. ते सूत्र लॉस नसलेल्या अँटेनासाठी आहे. एफआर४वर ते खोटं समाधान देतं. फार-फील्ड पॅटर्नवरून काढा.

राहिलं मोजमाप. एक पोर्ट मोजताना दुसऱ्यावर ५० ओहमचं टर्मिनेशन हवंच. मग व्हीएनएची (एस पॅरामीटर मोजणाऱ्या यंत्राची) केबल बोर्डपासून वीतभर अंतरावर मुठीत धरा आणि स्क्रीनकडे बघा. एस११चा खड्डा सरकला, तर केबलच्या बाहेरच्या आवरणावरून करंट वाहतोय आणि तुम्ही अँटेनाबरोबर केबलही मोजताय. एवढ्या लहान ग्राउंडवर हे हमखास होतं. कनेक्टरला लागून, त्या फ्रिक्वेन्सीला चालणारे फेराइट मणी ओवा आणि पुन्हा धरून बघा.

आत्ताचा बोर्ड फेकू नका. त्याच फाइलवर फक्त एफिशियन्सी काढा आणि आकडा इथे टाका. तो ५० टक्क्यांच्या वर निघाला तर माझा अंदाज चुकला, मग आपण फीड आणि कनेक्टर तपासू.