'इट्स अ वंडरफुल लाइफ'मधला विसरभोळा बिली काका कोण? आणखी कशात होता?

तो थॉमस मिचेल. बँकेत भरायचे आठ हजार डॉलर बोलण्याच्या नादात वर्तमानपत्रात गुंडाळून खलनायक पॉटरच्याच हातात देतो आणि मग खिसे चाचपत बसतो. लक्षात राहावं म्हणून बोटांना दोरे बांधलेले, तरी!

हा चित्रपट १९४६चा, पण माझ्या मते मिचेलचं खरं वर्ष १९३९. त्या एका वर्षात पाच गाजलेले चित्रपट. 'गॉन विथ द विंड'मधला नायिका स्कार्लेटचा बाप तोच. 'स्टेजकोच'मधल्या दारुड्या डॉक्टरसाठी सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. बाळंतपणाची वेळ येताच काळी कॉफी ढोसून तो शुद्धीवर येतो, ते बघाच. नुसत्या झोकांड्या कोणीही खाईल. पुढे टीव्हीसाठीचा एमी आणि रंगभूमीसाठीचा टोनी हे पुरस्कारही मिळाले.