सहकाऱ्याला कामातली चूक सांगताना बोलण्याची सुरुवात कशी करावी, म्हणजे त्याचा विश्वास तुटणार नाही?

तुम्ही लिहिलंय की माणूस तुमच्या टीममधला आहे, वयाने तुमच्यापेक्षा मोठा आहे, आणि "आधी दोन चांगल्या गोष्टी बोल, मग मुद्द्यावर ये" असा सल्ला तुम्हाला मिळालाय. तो पाळू नका. हे उत्तर मी मुळात तेवढ्यासाठीच लिहायला घेतलंय.

माझे पहिले साहेब हाच सल्ला पाळायचे. माणूस गोड, आवाज कधी चढला नाही. एरवी मान वर न करता "हं, ठेवा" एवढंच बोलणार. पण कुणाची चूक काढायची असली की केबिनमध्ये बोलावून पहिला प्रश्न ठरलेला: "काय, घरी सगळं बरं ना?" मग "तुमचं काम एकदम नीटनेटकं असतं हो." मग "पण". महिन्याभरात नव्या माणसालाही हा क्रम पाठ व्हायचा. कुणी केबिनमधून बाहेर आलं की आम्ही खुणेनेच विचारायचो, घर विचारलं का? मान हलली की त्या दिवशी त्याच्या वाटेला कुणी जायचं नाही.

पुढे माझे वडील हॉस्पिटलमध्ये होते. आठ दिवस मी तिथून ऑफिसात आणि ऑफिसातून तिथे, कुणाला काही बोलले नव्हते. साहेबांना कुठून तरी कळलं. संध्याकाळी ते स्वतः उठून माझ्या टेबलापाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "घरी सगळं बरं ना?" माझा हात सरळ माऊसवर गेला. स्टॉकचा रिपोर्ट उघडला आणि म्हटलं, "सर, कुठला आकडा चुकलाय?" ते थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. "नाही, काही नाही," म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी मी न मागता त्यांनी रजेचा फॉर्म पुढे केला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तोवर मी रात्रभर तो रिपोर्ट तपासत बसले होते. हॉस्पिटलच्या बाकावर, लॅपटॉप मांडीवर घेऊन.

नंतर एका ट्रेनिंगमध्ये हाच प्रकार 'सँडविच' म्हणून शिकवला, तेव्हा मी तिथल्या बाईंशी वाद घातला. त्यांचं म्हणणं, माणूस आधी मोकळा झाला की बोलणं आत उतरतं. मी त्यांना सांगितलं, क्लुगर आणि डीनिसी या दोन संशोधकांनी 1996 मध्ये फीडबॅकवरचे ढीगभर जुने अभ्यास एकत्र करून तपासले होते. सरासरीने फीडबॅकचा फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा त्यानंतर काम उलट बिघडलेलं होतं. लक्ष कामावरून सरकून 'माझ्याबद्दल काय मत आहे' इकडे गेलं की फायदा आटतो, असं त्यांना दिसलं. घरची चौकशी आणि स्तुती नेमकं तेच करतात. बाईंना ते पटलं नाही. असो.

आता मी काय करते ते सांगते. पहिल्या वाक्यात विषय, दुसऱ्यात तो केवढा आहे, तिसऱ्यात मी काय पाहिलं, आणि मग गप्प. आमच्यातला एक जण क्लायंटच्या कॉलवर सहकारणीला सारखा तोडत होता. त्याला म्हटलं, "कालच्या कॉलबद्दल बोलायचंय. दहा मिनिटांचं काम आहे, नोकरीबिकरीचं काही नाही. ती दर सांगत असताना तू तिला तीनदा मध्येच थांबवलंस. काय झालं होतं?" तो म्हणाला, "तिच्यासमोर जुनं दरपत्रक उघडं होतं." मी घरून भाषण तयार करून आले होते, ते तसंच गिळलं. तोडायची पद्धत चुकीचीच होती, ते मी सांगितलं आणि त्याने ऐकलंही. पण 'तू उद्धट आहेस' असं म्हणून सुरुवात केली असती तर दरपत्रकाचं मला कधीच कळलं नसतं.

आणि 'जरा बोलायचंय, उद्या भेटू' असा मेसेज विषय न सांगता पाठवू नका. समोरच्याची रात्र फुकट जाते.

वयाचं म्हणाल तर अहो-जाहो करा, चारचौघांत बोलू नका, बाकी मुद्दा तोच. "तुम्ही मोठे आहात, मी कसं सांगू" ही प्रस्तावना तर अजिबात नको. तेही सँडविचच.

एक राहिलं. नोकरीवर खरंच गदा येणार असेल तर 'तसं काही नाही' म्हणू नका, ते खोटं कायमचं लक्षात राहतं. आणि प्रकरण छळाच्या तक्रारीचं असेल तर हे सगळं सोडा, ते एचआरकडे रीतसर जाऊ द्या.

स्तुती करू नका असं मी म्हणत नाही. करा की, पण ज्या दिवशी मागून 'पण' येणार नसेल त्या दिवशी. आमच्या साहेबांना माझं काम खरंच आवडायचं, असं ते निवृत्त झाल्यावर मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं.